पडद्याची उलटी बाजू

"ह्या माणसाला डावं-उजवं कळत नव्हतं की काय!"

तौफिक मुल्ला हे स्वतःशीच पुटपुटला होता. पण मालनबाई चिवटे त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या आणि त्यांच्या कानातलं श्रवणयंत्र नवंकोरं होतं. समोरून कुणी मोठ्यानं विचारलेलं ते गाळायचं आणि शेजारी कुणी पुटपुटलेलं नेमकं पकडायचं.

"कुणाला रे?" त्यांनी विचारलं.

तौफिक दचकला. "काही नाही काकू. यंत्राला म्हटलं."

"यंत्राला कधीपासून माणूस म्हणायला लागलास?"

तौफिकनं हसून वेळ मारून नेली आणि संगणकाचा पडदा दुसरीकडे वळवला. चाळिशी ओलांडलेला, अंगानं आडवा, स्वभावानं मऊ असा हा अभियंता. त्याला धड खोटं बोलता येत नसे, म्हणून तो अशा वेळी नुसता खाकरायचा. आत्ताही खाकरला.

कोल्हापुरात, रंकाळ्याच्या पलीकडच्या अंगाला ही प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा तिथं स्मृतिभ्रंशावर काम चालेल असं सांगितलं गेलं होतं. तेही चालायचं. पण पैसा आला तो 'प्रतिगीतकार' प्रकल्पाला. दिवंगत गीतकार दिनकर चिवटे यांचं स्मारक होणार होतं, आणि त्यात पुतळ्याऐवजी गाणी लिहिणारा दिनकर चिवटे बसवायचा होता. त्यांचा मुलगा उदय हा स्मारक प्रतिष्ठानचा कार्यवाह. यंत्राला वडिलांचा आवाजही त्यानंच जुन्या आकाशवाणीच्या मुलाखतींतून मिळवून दिला होता.

मालनबाई रोज यायच्या त्या ह्या आवाजासाठी. यंत्रानं काय लिहिलं ह्याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. दिनकरराव जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. घरात त्यांची छत्री होती, चष्मा होता, तक्रार करायला त्यांचा गुडघा तेवढा नव्हता. इथं आलं की आवाज तरी ऐकायला मिळायचा.

पहिल्या दिवशी डॉ. हर्षदा बर्गे यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. त्या प्रकल्पाच्या प्रमुख. कपाळावर सदा आठी. चिडल्याची नव्हे, विचाराची.

"काकू, कुठलाही गीतकार हवेतून गाणं काढत नाही. त्यानं वाचलेली पुस्तकं, पाहिलेले चित्रपट, कानावर पडलेली भाषणं, सगळं आत साठतं, मुरतं, आणि ओळ होऊन बाहेर येतं. आम्ही काय करतो, तर उलट जातो. ओळीवरून मुळाकडे. ह्याला आम्ही उगमरेषा म्हणतो. काकांच्या प्रत्येक गाण्याच्या उगमरेषा काढायच्या, त्या जिथं पोचतात ती पुस्तकं आणि ते चित्रपट गोळा करायचे, आणि ज्या क्रमानं त्यांनी ते पाहिले-वाचले, त्याच क्रमानं कोऱ्या यंत्राला द्यायचे."

"आणि मग ते यंत्र हे होणार?"

"जवळपास. म्हणून आम्ही चाचणी घेतो. त्यांचं एखादं छापलेलं गाणं यंत्रापासून लपवून ठेवायचं. फक्त प्रभाव द्यायचे. यंत्रानं आपलं आपण तेच गाणं लिहिलं, तर समजायचं की आतला माणूस बरोबर जमलाय."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर आपण चुकीच्या माणसाला वाढवतोय."

मालनबाई तेव्हा नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या.

दिनकररावांचं गाव वारणेच्या काठी. तिथं ना थिएटर ना काही. सुगी झाली की तंबू यायचा. मध्ये पांढरा पडदा, पडद्याच्या एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका. सिनेमा दाखवायचं यंत्र पुरुषांच्या बाजूला. त्यामुळे पुरुषांना सिनेमा सुलटा दिसायचा आणि बायकांना, कापडातून पलीकडे उतरलेला, उलटा. नायक डावखुरा, पाट्या वाचता न येणाऱ्या. बायकांची तक्रार नसायची. घरातून बाहेर पडायला मिळालं हेच खूप होतं.

तौफिकचं घोडं अडलं होतं ते इथं. त्या काळी त्या तालुक्यात आलेला प्रत्येक चित्रपट त्यानं हुडकून काढला होता. एकात नायिकेच्या डाव्या गालावर भाजल्याचा व्रण होता. उगमरेषा तिथं लख्ख जात होती. पण दिनकर चिवट्यांचं घराघरांत गायलं गेलेलं गाणं म्हणत होतं,

*उजव्या गाली व्रण घेऊन*
*दारी आला चंद्र ग,*
*ओवाळू की झाकू त्याला,*
*दिवाच झाला मंद ग.*

एखाद्या गाण्यात असं झालं असतं तर यमक, मात्रा, काहीतरी कारण काढता आलं असतं. पण सगळ्याच चांगल्या गाण्यांत नदी उलट्या बाजूला वाहत होती, बैलगाडी उलट्या बाजूनं येत होती. आणि एक पत्र होतं. मूळ चित्रपटात ते पत्र भलं मोठं पडद्यावर दिसायचं, अख्ख्या गोष्टीचा उलगडा त्यात होता. गाण्यात मात्र तीच बाई तेच पत्र हातात धरून बसलेली, आणि पत्रात काय लिहिलंय ते कुणालाच कळत नाही. त्या न कळण्यावर सगळं गाणं उभं होतं. ऐकणाऱ्यांनी त्यावर अश्रू ढाळले होते. समीक्षकांनी त्याला गूढता म्हटलं होतं.

"मागच्या बाजूनं पाहिलेत हे चित्रपट," तौफिक एका सकाळी म्हणाला. उदयही आला होता. "पडद्यामागून. म्हणून उलटे. म्हणून पत्र वाचता आलं नाही."

"लहानपणी आजीबरोबर बसत असतील," उदय घाईनं म्हणाला. "लहान पोरं बायकांतच बसायची."

"हा चित्रपट आला तेव्हा काकांचं लग्न झालेलं होतं," तौफिक म्हणाला.

"मग गर्दी असेल पुढं."

"बायकांच्या बाजूला पुरुषानं पाय ठेवला तर मार पडायचा, दादा. माझे आजोबा तंबूवर होते, ते सांगायचे की..." आणि तौफिकला एकाएकी खोकला आला. त्यानं मालनबाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"त्यांचं निराळं होतं," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना मागनं बघायची खोड होती. तंबूवाला ओळखीचा होता."

हे धडधडीत खोटं होतं आणि ते सगळ्यांना कळलं. हर्षदानं आठी घातली आणि दुसराच विषय काढला. "पुस्तकांचं काय, तौफिक? तिथं काही कळतं का?"

"पुस्तकं सगळी गावच्या वाचनालयातली. काकांच्या नावावर घेतलेली. तिथं सगळं सरळ आहे."

सरळ असणारच. नाव त्यांचं, पिशवी त्यांची. कादंबरी घरी आणायची आणि चुलीपाशी ठेवायची. स्वतः दिनकररावांना वाचायचा मनस्वी कंटाळा. "शेवटाला काय झालं तेवढं सांग," म्हणायचे. मग मालन सांगायची, आणि सांगता सांगता शेवट बदलायची. ते म्हणायचे, हा आवडला, हाच राहू दे.

तसंच एकदा भाकरी थापताना तिच्या तोंडून चार ओळी आल्या. हात पिठात होते. "लिहून घ्या की जरा," ती म्हणाली, आणि त्यांनी लिहून घेतल्या. पुढं तीच रीत पडली. तिचे हात पिठात, त्यांचे मोकळे. ते त्या ओळी घेऊन कोल्हापूरला एका संगीतकाराकडे गेले, आणि परत आले ते गाणं विकूनच. "तुझं नाव सांगू?" त्यांनी विचारलं होतं. "सांगा आणि मामंजींच्या हातचा मार खा दोघांनी," ती म्हणाली होती. सून सिनेमाची गाणी करते हे त्या घरात कुणी गिळलं नसतं. मामंजी गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. तोवर नाव मोठं झालं होतं, माणूस त्या नावात सुखानं राहायला लागला होता, आणि मालनला ते बघायला आवडत होतं. सत्काराच्या मंचावर ते एकदा माईकपाशी अडखळले, तेव्हा तिनं पहिल्या रांगेतून असे डोळे वटारले की ते "सर्वांचे आभार" म्हणून खाली बसले.

उदयला हे माहीत होतं का? त्यानं लहानपण त्याच स्वयंपाकघरात काढलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. त्या घरात हा विषय झाकण ठेवलेल्या भांड्यासारखा होता. सगळे त्याच्या कडेनं जायचे.

प्रयोगशाळेत मालनबाईंना एक भलतीच गोष्ट सापडली. यंत्र जे लिहायचं त्यातलं निम्मं तौफिक 'टाकाऊ' म्हणून बाजूला करायचा. एकदा त्यांनी ते ऐकलं. दिनकररावांचा आवाज तल्लीन होऊन म्हणत होता,

*तुझी चमकी चमकली अन्*
*एस.टी. चुकली थांबा,*
*कंडक्टर म्हणतो खाली उतरा,*
*मी म्हणतो की थांबा!*

मालनबाई इतक्या हसल्या की तौफिकनं पाणी आणलं. त्यांनी डोळे पुसले. दोन वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

"हे कुठनं आलं रे?"

"एक चित्रपट आहे काकू, त्यात नायिकेसाठी एस.टी. थांबते. हे मात्र सुलट बाजूनं पाहिलेलं आहे. काकांच्या वहीत पडून राहिलेल्या काही ओळी आणि मुलाखतींत त्यांनी सांगितलेले चित्रपट, ह्यांच्या उगमरेषा सगळ्या सुलट जातात. पण त्यांतून हे असलंच काहीतरी येतं. 'थांबा'ला 'थांबा'. यमक तरी धड नको का?"

"नकोच," मालनबाई म्हणाल्या. "आणखी लाव."

तेव्हापासून त्या टाकाऊ ऐकायला यायच्या. चांगली गाणी सुरू झाली की श्रवणयंत्र बारीक करायच्या.

मग ती चाचणी झाली. प्रतिष्ठानची माणसं येऊन बसली होती. हर्षदानं यंत्राला नवं गाणं करायला सांगितलं. कुठं न छापलेलं, कुणी न लिहिलेलं. ते फक्त उलट्या प्रभावांवर चालत होतं. दिनकररावांचा आवाज खोलीत उतरला.

*दोन ताटे वाढते मी,*
*एक झाकून ठेवते...*

यंत्र थांबलं. पुढची ओळ जुळवताना ते असं थांबायचं. त्या थांबण्यात, खिडकीबाहेर बघत, भाजी निवडताना बोलावं तशा सहज आवाजात मालनबाई म्हणाल्या,

*"कोण यायचे, पुसता कोणी*
*नाव वाऱ्याचे सांगते."*

आणि क्षणभरानं यंत्रानं, त्यांच्या नवऱ्याच्या आवाजात, अक्षर न् अक्षर तेच म्हटलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काकूंना आधी ऐकवलेलं असणार. तौफिकनं टाळी वाजवली नाही. हर्षदानंही नाही. उदय उठून खिडकी लावायला गेला. ती लावलेलीच होती.

"चहा घेऊया," हर्षदा म्हणाली.

मालनबाईंना गुपित फुटल्याची भीती नव्हती. समोरची ही तिघं चांगली माणसं होती, ती बोलली नसती. मालनबाईंना निराळंच काहीतरी कळलं होतं. त्या इथं रोज नवऱ्याला भेटायला येत होत्या, आणि सगळे ज्याला दिनकर चिवटे म्हणत होते ते यंत्र त्यांच्याच मनातलं त्यांना ऐकवत होतं. गळा दिनकररावांचा होता. आत मालन बसली होती. स्वतःची गाठ घ्यायला एवढं रिक्षाभाडं कशाला घालवायचं?

पुढच्या आठवड्यात हर्षदानं त्यांना आणि उदयला बोलावून घेतलं.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. प्रत्येक शब्द चाचपून टाकत होती. "स्मारकात बसवायचं यंत्र एकच आहे. त्यात सुलटे आणि उलटे असे दोन्ही प्रभाव एकत्र राहत नाहीत. एकच चित्रपट दोन्ही बाजूंनी पाहिलेला. एका मनात नायिका डावीकडूनही येते आणि उजवीकडूनही."

"येते आणि स्वतःलाच धडकते," तौफिक म्हणाला. "मग यंत्र अडकतं. एका डोक्यात दोन बाजू बसत नाहीत."

"म्हणजे?" उदयनं विचारलं.

"म्हणजे एक बाजू काढावी लागेल. कायमची. करारच तसा आहे, बाहेर प्रत ठेवता येत नाही. चांगली गाणी सगळी उलट्या बाजूची आहेत. सुलट बाजूचं सगळं..." हर्षदा अडखळली. "टाकाऊ आहे. चाचणीतही ती बाजू दर वेळी नापास होते. शास्त्राच्या दृष्टीनं निर्णय अवघड नाही."

"मग काढा," उदय म्हणाला. तो आईकडे बघत नव्हता. "बाबांचं नाव ज्या गाण्यांमुळे आहे, तीच राहायला पाहिजेत. बरोबर ना, आई?"

"काकू, तुमची संमती लागेल," हर्षदा हळूच म्हणाली. "तुम्हाला काही सांगायचं असेल तर... तुम्ही सांगितलंत तर आम्हाला नावासकट सगळाच विचार नव्यानं करावा लागेल. नाही सांगितलंत तरी आमची हरकत नाही. आम्ही कुणी काही विचारणार नाही."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी आपल्यासाठी दार उघडं ठेवून तोंडं फिरवली होती. किती सभ्य माणसं, मालनबाईंच्या मनात आलं. ह्या सभ्यपणात आपण गप्प बसलो तर सगळं नीट पार पडेल. नाव राहील, स्मारक होईल. शाळेतली पोरं सहलीला येतील आणि दिनकर चिवटे त्यांना गाणी ऐकवेल. फक्त त्या नावात दिनकर नसेल.

आणि बोललो तर? तर ज्या नावात तो आयुष्यभर सुखानं राहिला, ते नाव जाईल. जिवंतपणी डोळे वटारून आपण ते राखलं, आता मेलेल्या माणसाच्या अंगावरनं काढून घ्यायचं?

"तौफिक," त्या म्हणाल्या, "काढायच्या आधी एकदा त्यांना बोलू दे. सुलट बाजूला."

"काय बोलायला सांगू, काकू?"

"काय वाटेल ते."

तौफिकनं कळ फिरवली. मग तो आवाज आला. घसा साफ केल्यासारखा, चार माणसांत उभं राहिल्यासारखा थोडा अवघडलेला.

*गाणं काही जुळत नाही,*
*शब्द माझे वाकडे,*
*तू म्हण पुढचं, लिहून घेतो,*
*लक्ष तुझ्याकडे.*

"हे बघा," तौफिक हळहळला, "शेवटची ओळ मात्रेत आखूड. दर वेळी असंच."

उदयनं तोंड फिरवलं.

मालनबाई यंत्राकडे बघत राहिल्या. तिकडून पुढं काही आलं नाही. त्या बाजूला पुढचं काही नव्हतंच. ती बाजू एवढं बोलून ऐकत थांबायची. आयुष्यभर तशीच थांबली होती, पेन्सिल हातात धरून, चुलीच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलेलं. सगळ्या जगात त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि ते आता दोष म्हणून पुसलं जाणार होतं.

"काढू ना, काकू?" हर्षदानं विचारलं. तौफिकचं बोट कळीवर होतं.

"नको."

"आई, राहू दे," उदय घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कशाला आता. कुणी काही म्हणत नाही ना?"

"कुणी म्हणत नाही म्हणूनच, बाळा." मालनबाईंनी श्रवणयंत्र कानातून काढून मुठीत धरलं, आता कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला. "तौफिक, बोट काढ तिथनं. तू जे पुसायला निघालायस ना, ते हे आहेत. आणि जे ठेवणार आहेस, ती मी आहे. गाणी माझी आहेत. पहिल्यापासून सगळी माझी. ह्यांना एक ओळ धड येत नव्हती."